मोठे टायर आणि ताईची खुर्ची

पिकअपला मोठे टायर बसवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! असं मी जाहीर केलं तेव्हा बायको कपडे वाळत घालत होती.

"मग जरा उजवा हातही लावा," ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. कर्तबगार माणसाची घरात कधीच कदर होत नाही.

टायर तरी कसले देखणे होते! जाडजूड, खाचाखाचांचे, मगरीच्या पाठीसारखे. अडचण एकच. ते मडगार्डच्या आतल्या पोकळीत मावेनात. पण त्यात काय! पोकळी मोठी करायची. आतलं प्लास्टिकचं अस्तर काढायचं, पत्र्याची कड ग्राइंडरनं कापायची, उरलीसुरली हातोड्यानं ठोकून चपटी करायची. एक माणूस हे करताना मी मोबाईलवर पाहिला होता. चहा संपायच्या आत त्याचं झालंसुद्धा! व्हिडिओ कापूनकुपून छोटा केलेला असतो, हे तेव्हा कुणाला सुचतंय?

गाडी जॅकवर चढवली, चाकं काढली आणि ताईचा फोन.

"उद्या माझी खुर्ची आणायचीय. तोवर गाडीची काही खुडबुड करू नकोस हं!"

"छे! मी कशाला करतोय?" मी म्हणालो. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात ग्राइंडर.

ताई माझी मोठी बहीण. दातांची डॉक्टर. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यात राबून आता तिनं स्वतःचा दवाखाना काढला होता, भर चौकात. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. पेशंट जिच्यावर आडवा होऊन आ करतो, ती खुर्ची दुकानातून आणायचं काम माझ्याकडे होतं. ताईला कॉलेजात शिकवलेल्या बाई त्या खुर्चीवर सगळ्यांत आधी बसणार होत्या. बाई आता थकल्या होत्या, काठी टेकत चालायच्या, पण ताईसाठी लांबून येणार होत्या.

उजवी बाजू झकास कापली गेली. डाव्या बाजूला अर्ध्यावर आलो आणि ग्राइंडरची चकती झिजून संपली. दुकानं बंद. कड अर्धीच कापलेली, पत्र्याची एक जीभ लोंबतेय. मी ती हातोड्यानं वर दाबली. बसली! टायर चढवले, गाडी गल्लीत थोडी पुढे नेली, थोडी मागे आणली. कुठे घासत नाही, काही नाही!

"झालं!" मी ओरडलो.

"काय झालं?" बायकोनं खिडकीतून विचारलं. तिच्या स्वरात आनंद नव्हता, धास्ती होती.

सकाळी मी आणि दाजी, म्हणजे ताईचे यजमान, खुर्ची आणायला गेलो. खुर्ची गाडीच्या हौद्यात चढली, पण हलू लागली.

"तुम्हीच बसा की तिच्यावर," मी म्हणालो. "वजन पडेल."

दाजी म्हणजे गरीब गाय. बसले. बसले कसले, आडवेच झाले, कारण खुर्चीची पाठ उभी राहीना. मी खुर्चीला दोरी बांधली आणि त्याच दोरीत दाजींनाही घेतलं.

"गाठ सुटणार नाही ना रे?"

"दाजी, ही गाठ कुणाच्या बापाला सुटणार नाही!"

चौकापर्यंत गाडी लोण्यासारखी गेली. चौकाच्या तोंडाशी गतिरोधक होता. गाडी त्याच्यावरून धप्पकन आपटली आणि डाव्या चाकाकडून 'टण्ण' असा आवाज आला. मी लक्ष दिलं नाही. मधल्या गोल कट्ट्याला वळसा घालायला स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं. फिरलं. मग दवाखान्याकडे जायला डावीकडे फिरवलं.

फिरेना!

पत्र्याची ती जीभ खाली आली होती. टायर उजवीकडे वळताना तिला ओलांडून गेला आणि परत यायला वाट उरली नाही. उंदराचा पिंजराच! स्टेअरिंग डावीकडे सोडा, सरळसुद्धा होईना. गाडी कट्ट्याभोवती फिरत राहिली.

समोर दवाखाना. दारात लाल फीत, पाहुणे, मधोमध नवी साडी नेसलेली ताई आणि शेजारी काठीवर रेललेल्या बाई. आम्हाला पाहून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात हलवला आणि पुढे गेलो.

पुन्हा दवाखाना आला. या वेळी टाळ्या जरा कमी.

"अरे, इकडे! इकडे!" ताई ओरडली.

"आलोच!" मी ओरडलो आणि पुन्हा पुढे गेलो.

आता कुणीही शहाणा माणूस ब्रेक दाबून खाली उतरला असता. पण खाली उतरून सांगणार काय? मी गाडीला हात लावला नाही, असं आदल्या दिवशीच बोललो होतो ना!

"पार्किंग शोधतोय!" पुढच्या फेरीला मी खिडकीतून सांगितलं.

"समोर अख्खी जागा मोकळी आहे!" ताई म्हणाली.

त्याच्या पुढच्या फेरीला मी थापांच्या आणखी खोल खड्ड्यात पडलो. "जाहिरात करतोय!" असं ओरडलो. झालं! दुकानदार बाहेर आले, लोकांनी मोबाईल काढले. कुणीतरी ओरडलं, "काका, आ करून दाखवा की!"

दाजींनी आ केला. खरंच केला! नंतर म्हणाले, ताईच्या धंद्याला मदत होईल असं वाटलं.

मग मागून त्यांचा केविलवाणा आवाज आला. "अरे, मला गरगरतंय रे..."

डाव्या चाकातून जळक्या रबराचा धूर निघाला, तेव्हा ट्रॅफिक पोलीस आडवा आला आणि मी एकदाचा ब्रेक दाबला.

"काय चाललंय काय?" तो खेकसला.

"डावीकडे वळत नाही."

"का वळत नाही?"

मी उत्तर देणार तोच ताई रस्ता ओलांडून आली. तिनं खाली वाकून मडगार्डकडे पाहिलं. तोंडात नको तिथे ड्रिल मारलेलं पाहावं, तसं पाहिलं.

"काल फोनवर बोलत होतास, तेव्हा हेच करत होतास?"

"हो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"बाई सकाळपासून उभ्या आहेत रे," एवढंच म्हणाली.

मी बाईंकडे पाहिलं. कुणीतरी त्यांना स्टूल दिलं होतं, पण त्यांच्या लाडक्या विद्यार्थिनीची खुर्ची येणार म्हणून त्या उभ्याच होत्या. माझी मान खाली गेली. डोळे पाण्यानं भरले. धुरानं, असं मी पोलिसाला सांगितलं.

दाजींची गाठ कुणालाही सुटली नाही. मलाही नाही! शेवटी पाहुण्यांनी खुर्ची दाजींसकट उचलली आणि पोलिसानं शिटी वाजवून वाट करून दिली. बादशहाची स्वारीच ती, फक्त बादशहाचा चेहरा हिरवा पडला होता. दवाखान्यात नेऊन दोरी कापली, दाजींना बाकड्यावर निजवलं आणि बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी ताईच्या डोक्यावरून हात फिरवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही. मी चौकात पोलिसासोबत गाडी उचलणाऱ्या क्रेनची वाट पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी तोंड लपवत ताईकडे माफी मागायला गेलो. आत पेशंट होता म्हणून बाहेर बसलो. शेजारी गाल धरून एक मावशी बसल्या होत्या.

"काल इथे कुणी येडा गोल गोल फिरत होता म्हणे," त्या म्हणाल्या.

"हो का? मला काही कल्पना नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात ताईनं दार उघडलं. "मावशी, तो हाच. माझा सख्खा भाऊ." आणि दार पुन्हा लावलं.

मावशींनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. आता हसतील, असं वाटलं. पण हसल्या नाहीत. गालावरचा हात काढून अगदी काळजीनं विचारलं,

"मग काल घरी कसे गेलात हो?"

"चालत," मी म्हणालो.