सात लिंबांची मोटार

एका जंगलात एक मोटार होती.

जंगलात मोटार कशी, हे विचारू नका. शहरात काही जुनं झालं की लोक ते जंगलात आणून सोडतात. मांजर असो की मोटार.

ही मोटार लांब होती. पांढरी होती. पुढे बॉनेट, मागे डिकी, मध्ये चार दारं. वय बावीस वर्षं. सिंहमहाराज मागच्या सीटवर बसत. आयाळ एका खिडकीतून बाहेर, शेपूट दुसऱ्या खिडकीतून बाहेर. गाडी खंडू तरस चालवी. तो सारखा हसे. तरसाला हसायला कारण लागत नाही. या गाडीने त्याला कारणही दिलं होतं.

इंजिन दणकट होतं. वीज मात्र वेडी झाली होती.

डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजे. ब्रेक दाबला की वायपर फिरत. काच खाली घेतली की हेडलाइट मिणमिणत. काच वर घेतली की रेडिओ लागे आणि त्यावर कोणीतरी कपाशीवरच्या अळीबद्दल बोलत असे. हॉर्न दाबला तर काहीच होत नसे.

जंगलाला याची सवय झाली होती. वडाच्या झाडाशी रस्ता डावीकडे वळतो. तिथे खंडू इंडिकेटर देई आणि हॉर्न बोंबले. मग सगळ्यांना कळे, महाराज आले. हरणं ताठ उभी राहत. माकडं फांदीवरून मुजरा करत आणि त्यातली दोन खाली पडत. टिटवीबाई शाळा सोडत. पुढे ब्रेक लागला की वायपर हलत, तेव्हा रानडुकरं म्हणत, "बघा बघा, महाराज हात करतायत!" तीही पाय वर करून हलवत.

असं छान चाललं होतं.

मग दसऱ्याला चार दिवस राहिले आणि गाडी सुरूच होईना. खंडूने सेल्फ मारला. टक. पुन्हा मारला. टक. तिसऱ्यांदा टकसुद्धा नाही. खंडू हसला. महाराज हसले नाहीत.

दसऱ्याला महाराजांना शीव ओलांडायची असे. ओढ्यापर्यंत गाडीतून जायचं, पलीकडच्या जंगलाच्या वाघाला आपट्याचं पान द्यायचं, सोनं म्हणून, आणि परत यायचं. आता पायी गेले तर वाघ काय म्हणेल?

पहिल्यांदा पोपट आला. तो शहरात तीन वर्षं पिंजऱ्यात राहून शिकून आला होता. "बॅटरी बदला," म्हणाला. बदलली. "बल्ब बदला." बदलले. "डायनामो बदला." तोही बदलला. टक.

"मग जंगल बदला," असं म्हणून पोपट उडून गेला.

शेवटी महाराजांनी रखमाजी मिस्त्रीला बोलावलं.

रखमाजी म्हणजे म्हातारा साळिंदर. चिंचेखाली त्याचं दुकान. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण वायर हातात धरली की ती कुठून आली आणि कुठे चालली ते सांगे. बोलणं कमी. समोरचा जास्त बोलला की याचे काटे उभे राहत.

"मिस्त्री," महाराज म्हणाले, "दसऱ्याला गाडी चालली पाहिजे. नाही चालली तर तुमचे काटे उपटू. कचेरीत लेखण्यांची टंचाई आहे."

कचेरीतला माकड कारकून बाजूलाच उभा होता. त्याने चिमटा आणलाच होता. त्याने नजरेनेच काटे मोजले आणि जिभल्या चाटल्या.

बघा पोरांनो. ज्याला एक अक्षर येत नव्हतं, त्याच्या पाठीवरच्या काट्यांनी अख्खी कचेरी लिहायला टपली होती.

रखमाजी म्हणाला, "बॉनेट उघडा."

खंडूने बॉनेट उघडलं. रखमाजीने आत पाहिलं. मग त्याने बाहेर पाहिलं. मग पुन्हा आत पाहिलं.

आत लिंबं होती. पिवळी, तपकिरी, काळी, काही केस आलेली. तारेत ओवलेली, मध्ये मिरच्या आणि बिब्बे. बॅटरीवर लिंबं, पंख्यापाशी लिंबं, फ्यूजच्या डबीत एक लिंबू.

"हा बाजार कोणी मांडला?" रखमाजीने विचारलं.

"आम्ही!" मागून आवाज आला. बकशास्त्री एका पायावर उभे होते. हा बगळा राजपुरोहित होता. "दर शनिवारी एकवीस लिंबं. गाडीला नजर लागलीय, मिस्त्री. लोक बाहेर बंपरला लिंबू बांधतात. अडाणी! वीज राहते आत. नजर लागते विजेला. म्हणून आम्ही आत बांधतो."

"कधीपासून?"

"हॉर्न आपोआप वाजायला लागला तेव्हापासून."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी चारच बांधत होतो. हॉर्नचं सुरू झालं, तशी सात केली. मग वायपरचं सुरू झालं, तशी अकरा. काचेचं सुरू झालं, तशी एकवीस. उपाय वाढवतोय, पण नजर फार जबर आहे हो!"

खंडू इतका हसला की त्याला मडगार्ड धरावं लागलं.

रखमाजी हसला नाही. त्याने बॅटरीवरची लिंबं उचलली. खाली एक जाड काळी वायर होती. ती बॅटरीतून निघून गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडलेली असते. तिला अर्थिंग म्हणतात. वीज कामाला जाते ती दुसऱ्या वाटेने, घरी येते ती या वायरीने. ही वाट बंद झाली की वीज घर शोधत भलत्याच दारात शिरते. हॉर्नच्या, वायपरच्या, रेडिओच्या.

बोल्टवर लिंबाचा रस ठिबकून ठिबकून हिरवा-पांढरा थर साचला होता. जाडी बोटभर.

"शास्त्रीबुवा, ही तुमची नजर," रखमाजी म्हणाला.

"शिव शिव! तो प्रसाद आहे!"

"मग चाटा."

बकशास्त्रींनी दुसरा पाय खाली टेकला आणि ते निघून गेले.

रखमाजीने टोपलीभर लिंबं काढली. बोल्ट सोडला. गरम पाण्याने धुतला. पॉलिश पेपरने घासून तांब्यासारखा लख्ख केला. घट्ट आवळला. वर बोटभर ग्रीस लावलं.

"मार सेल्फ."

गाडी सुरू झाली. अशी झाली की खंडू हसायचा विसरला. डावा इंडिकेटर दिला, डावा इंडिकेटर लागला. ब्रेक दाबला, गाडी थांबली, बस. हॉर्न दाबला, हॉर्न वाजला. रेडिओ गप्प. बावीस वर्षांची म्हातारी अशी गुरगुरली, जशी काल सासरी आली आहे.

रखमाजीने हात पुसले. चिंचेखाली जाऊन बसला. काटे पाठीवर होते तसे होते. चाळीस वर्षांत असं काम झालं नव्हतं, असं त्याला वाटलं. त्याने ते कोणाला सांगितलं नाही.

दसरा आला. गाडीला झेंडूची माळ घातली. महाराज बसले. खंडूने वडापाशी डावा इंडिकेटर दिला.

हॉर्न वाजला नाही.

हरणं चरत राहिली. माकडं खाजवत राहिली. टिटवीबाईंनी शाळा सोडली नाही. सणाच्या दिवशी पोरं एकोणतिसाचा पाढा म्हणत होती आणि रडत होती. पुढे रानडुकरं वाटेत लोळत होती. खंडूने ब्रेक दाबला. वायपर हलले नाहीत.

"महाराज रागावलेत," एक डुक्कर म्हणालं. "हात करत नाहीत." आणि सगळी झुडपात पळाली.

गाडी ओढ्याशी पोचली. पलीकडे वाघ उभा होता. दर वर्षी काय होई, ते ऐका. शिवेजवळ रस्ता पुन्हा डावीकडे वळतो. तिथून गाडी येई ती बोंबलत, वायपर फडफडवत, दिवे मिचकावत, आतून कोणीतरी अळी अळी म्हणून ओरडत. वाघ तीन पावलं मागे सरे आणि सोनं लांबूनच घेई. आपण का घाबरतो, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

यंदा गाडी गुपचूप आली. गुपचूप थांबली. वाघ ओढा ओलांडून थेट इकडे आला. त्याने बॉनेटवर पंजा ठेवला.

"काय हो, सिंहराव," तो म्हणाला, "गाडीची तब्येत बरी नाही का? एवढी गप्प? औषधपाणी करा. दिवाळीच्या पाडव्याला मी येतो तुमच्याकडे. बघून जातो म्हातारीला."

महाराजांनी सोनं दिलं. 

परत आल्यावर रखमाजीला बोलावलं. बकशास्त्री आधीच एका पायावर हजर होते.

"मिस्त्री, तुम्ही गाडी बिघडवलीत!" महाराज गरजले.

"महाराज, गाडी आत्ताच नीट झालीय."

"नीट? हॉर्न नाही, वायपर नाही, अळी नाही! पाडव्याला वाघ येतोय. तोपर्यंत पूर्वीसारखी करा. नाहीतर..."

कारकुनाने चिमटा दोनदा वाजवला.

बाहेर आल्यावर खंडू रखमाजीच्या कानाशी लागला. "मिस्त्री, सोपं आहे की. एक वायर उपटा. बोल्ट ढिला करा. कोण बघतंय?"

"हा हात बघतोय," रखमाजी म्हणाला. "चाळीस वर्षांत या हाताने चालू वायर तोडलेली नाही. आता नाही तोडणार."

"मग काटे जातील."

"जाऊ देत."

असं म्हणाला खरा. पण घरी जाऊन पाठीवर हात फिरवला. एकेक काटा ओळखीचा होता. हा जीपच्या वेळी वाकला. हा पंपाच्या पट्ट्यात सापडला होता. या काट्यांनी माकडाने अर्ज लिहायचे? 'महोदय, सविनय सादर'? रखमाजी उठला आणि बकशास्त्रींकडे गेला.

"शास्त्रीबुवा," तो म्हणाला, "तुमचं खरं. नजरच होती. बांधा लिंबं."

बगळा हर्षाने दोन्ही पायांवर उभा राहिला. "एकवीस!"

"सात."

"शास्त्रात एकवीस आहेत."

"तुमच्या शास्त्रात टक आहे. महाराज गाडीत बसले आणि टक झालं, तर काटे माझे जातील आणि पिसं तुमची. कचेरीत उशासुद्धा लागतात."

बकशास्त्रींनी मान वाकडी करून विचार केला. पण शनिवार आला आणि सवयीने एकवीसच बांधली.

मग काय करणार? रखमाजीने बॉनेट उघडलं. सात राहू दिली. चौदा खाल्ली. सालीसकट, बियांसकट, एकेक करून. तोंड वाकडं केलं नाही. खंडू बघत होता. तो हसता हसता गाडीखाली गेला आणि तिथेच लोळत राहिला.

"कशी आहेत, मिस्त्री?"

"काम आहे," रखमाजी म्हणाला. डावा डोळा आपोआप मिटत होता, उजवा उघडत होता. इंडिकेटरसारखा.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा चौदा. तिसऱ्या शनिवारी पुन्हा चौदा. बोल्टवर हिरवी साय आली. रखमाजी रोज वाकून पाही. हात लावत नसे. नुसता पाही, जसा शेतकरी पीक पाहतो.

पाडवा आला. वाघ आला. वडापाशी मोठी गर्दी. सगळं जंगल दबकून उभं. कारकून चिमट्याला तेल लावून तयार. महाराज मागच्या सीटवर, वाघ त्यांच्या शेजारी. दोघांच्या शेपट्या एकाच खिडकीत अडकल्या होत्या.

खंडूने सेल्फ मारला.

टक.

रखमाजीचे सगळे काटे ताठ झाले. कारकून एक पाऊल पुढे आला.

खंडूने पुन्हा मारला. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. वडाचं वळण आलं. डावा इंडिकेटर.

भोंऽऽऽ!

हरणं ताठ झाली. माकडांनी मुजरा केला आणि तीन पडली. टिटवीबाई ओरडल्या, "सुटली शाळा!" पोरं पाटी फेकून पळाली. वाघ दचकला आणि महाराजांच्या मांडीवर बसला. खंडूने ब्रेक दाबला. वायपर फडाफडा हलले. रानडुकरं झुडपातून बाहेर आली. "हात केला! महाराजांनी हात केला!" घाबरून वाघाने काच वर घेतली, आणि रेडिओ गडगडला, "कपाशीवरील बोंडअळी वेळीच ओळखा!"

वाघ दार उघडून पळाला तो ओढ्यापलीकडेच थांबला. शेपटीचे चार केस खिडकीत राहिले. महाराजांनी ते फ्रेम करून घेतले.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बकशास्त्रींना शाल मिळाली, नारळ मिळाला आणि 'वीजभूषण' ही पदवी. मानपत्र लिहायला कारकुनाकडे लेखणी नव्हती. रखमाजीने आपला एक काटा दिला. रात्री आपोआप गळून पडलेला. उपटलेला नव्हे.

"मिस्त्री, तुमचं नाव कुठे घालू?" कारकुनाने विचारलं.

"कुठेच नको."

रखमाजी चिंचेखाली परत गेला. तिथे उरलेल्या मिरच्या-बिब्ब्यांचा एक ढीग होता. त्याच्याजवळ जमिनीवर काड्यांनी खुणा केल्या होत्या. अक्षर येत नसलं तरी माप येत होतं. सात लिंबांच्या एका शनिवारी हॉर्न. दोन शनिवारांनी हॉर्न आणि वायपर. तीन शनिवारांनी अळी. दर शनिवारी एकवीस बांधली की टक.

त्या दिवसापासून जंगलात रीत पडली. दसऱ्याला तीन शनिवार राहिले की रखमाजी बोल्ट घासतो. दसऱ्यापर्यंत बकशास्त्री लिंबं बांधतात. जास्तीची लिंबं रखमाजी खातो. गाडी नेमकी तेवढीच बिघडते, जेवढी राज्याला लागते. पोपट शहरातून पाहायला येतो आणि वहीत टिपून नेतो.

आणि साळिंदराचा चेहरा आंबट का असतो, ते तुम्हाला आता कळलं.

तात्पर्य: रोग मुळासकट काढणाऱ्याच्या पाठीला चिमटा लागतो. रोग मापात ठेवणाऱ्याचे काटे शाबूत राहतात. म्हणून पोरांनो, आधी लिंबं पचवायला शिका. बोल्ट घासायला नंतरही शिकता येतं.