कौसाआत्याची शेळी

आमची कौसाआत्या कुणाच्याही घरात शिरली, की माणसांकडं न बघता आधी चुलीपुढच्या परातीत बघते. घरचे 'या, बसा' म्हणेपर्यंत तिनं पिठाचा अंदाज घेतलेला असतो. मग ती भिंतीला टेकून बसते, पाणी मागते आणि विचारते, "आमची शेळी आल्ती का हो इकडं? पांढरी हाय, एक कान काळा."

आत्याकडं शेळी कधीच नव्हती. पण घनसावंगीपासून राजूरपर्यंत अशी एक गल्ली नसेल, जिथं ती हरवली नाही. कारण आत्याचं काम चौकशीचं. आमच्याकडं सोयरीक जुळवायच्या आधी समोरच्या घराची चौकशी करतात. कुणी मामाला पाठवतं, कुणी मास्तरला. आमच्या पंचक्रोशीत मात्र कौसाआत्याला पाठवत. ती जीपमध्ये बसून त्या गावात उतरायची, शेळी शोधत घरोघर फिरायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची. बोलणं मोजकं असायचं. "घर बराबर हाय" म्हणाली की तयारीला लागायचं. "शेळी सापडली न्हाई" म्हणाली की ते स्थळ विसरायचं.

"माणसं पाहुण्यापुढं खोटं बोलत्यात," ती म्हणायची. "पीठ बोलत न्हाई." घरात किती तोंडं आहेत, कोण शिळं खातं, सुनेला शेवटी काय उरतं, हे सगळं तिला चुलीपुढं कळायचं. एका स्थळाचा मुलगा दारू पितो, हे तिनं त्याच्या आईनं बाजूला झाकून ठेवलेल्या भाकरीवरून ओळखलं होतं. आदल्या रात्रीची ती भाकरी तशीच राहून कडा वाळल्या होत्या आणि मुलगा म्हणे रोज दिवेलागणीला घरी येत होता.

माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी माझी चौकशी नेमकी तिच्याकडंच केली. मी आमच्या घरातला पहिला बी.ए. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण तोंडावरून ते कळत नाही. आत्यानं त्यांना सांगितलं, "पोरगं चांगलं हाय. बीए हाय का ते विचारू नका, तो सांगंलच." तेव्हापासून ती मला बीए म्हणूनच हाक मारते.

दुसऱ्यांची लग्नं जुळवणारी आत्या स्वतः मात्र लग्नानंतर आठवडाभरात माहेरी परत आली होती, ती कायमची. का आली, हे घरात कुणी बोलत नसे, आणि चौकशी करणाऱ्या बाईची चौकशी करायची कुणाची छाती नव्हती. गावाच्या टोकाला तिची एक खोली होती. तिथं ती एकटी राहायची.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. माझी धाकटी बहीण शोभा हिची सोयरीक परतूरच्या रामकिसनशी ठरली होती. रामकिसनचा कडब्याचा धंदा होता. आत्या शेळी शोधायला जाऊन आली होती आणि "घर बराबर हाय, पोरगंबी बिलकुल बराबर" असं म्हणाली होती. पत्रिका छापायच्या बाकी होत्या, तेवढ्यात परतूरला सर्कस आली.

कापसाचा हंगाम सरला होता, माणसं मोकळी होती. सर्कशीतल्या हत्ती-घोड्यांना कडबा रामकिसनच पुरवायचा, त्यामुळं त्यानं आम्हा सगळ्यांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. खेळ रंगात आला आणि जोकर पाण्याची बादली घेऊन लोकांत शिरला. सगळ्या तंबूतून त्यानं निवडलं कुणाला, तर रामकिसनला. बादली उचलली तसा रामकिसन घाबरून मागं सरला आणि खुर्चीसकट पडला. बादलीतून निघाले नुसते कागदाचे कपटे. तंबू हसला. शोभा सगळ्यांपेक्षा जास्त हसली, आणि तिथंच घोटाळा झाला. रामकिसन लालबुंद होऊन उठला आणि सगळ्यांसमोर जोकराला म्हणाला, "तुला जित्ता सोडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी जोकर गायब झाला. तिसऱ्या दिवशी त्याचा रक्तानं भरलेला सदरा सापडला, तोही रामकिसनच्या कडब्याच्या गाडीत. सर्कशीच्या मालकानं आमच्या माणसाचा खून झाला म्हणून फिर्याद दिली. पोलिसांनी रामकिसनला नेऊन बसवलं. प्रेत तेवढं सापडायचं होतं.

आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, सोयरीक मोडल्याचा निरोप धाडा. शोभा चुलीमागं जाऊन बसली. ती रडत नव्हती. मी हसले नसते तर तो तसं बोललाच नसता, एवढंच म्हणत होती. आत्या दारात उभी होती. ती दादांना म्हणाली, "माझ्या शब्दावर जुळलीय ना? मंग माझ्या शब्दावरच मोडंल. दोन दिस कुणाला निरोप धाडू नका." आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "चल बीए. साहेबाशी बोलायला शिकलेलं माणूस लागतंय."

मला वाटलं, आम्ही पोलीस ठाण्यात निघालोय. आत्या सरळ सर्कशीच्या फाटकाशी गेली. राखणदारानं अडवलं, खेळ बंद आहे म्हणाला. आत्यानं विचारलं, "आमची शेळी आल्ती का हो इकडं? पांढरी हाय, एक कान काळा."

आजवर हा प्रश्न ऐकून लोक नुसते 'नाही' म्हणत. राखणदाराचा चेहरा मात्र उतरला. त्यानं एकदा आत्याकडं बघितलं, एकदा सिंहाच्या पिंजऱ्याकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "किधर देखी थी आखिरी बार?"

"अंदरच गई," आत्या म्हणाली. त्यानं फाटक उघडलं. आणखी बभ्रा नको म्हणून आम्हाला कुठंही फिरू दिलं.

आत्या तंबूतंबूतून शेळी शोधत निघाली. माकडवाल्याकडं चहा घेतला. झोक्यावरच्या पोरींना तुमची लग्नं झाली का म्हणून विचारलं. शेवटी जोकराच्या बायकोच्या तंबूशी आली. ती बाई तारेवरून सायकल चालवायची. आता पदर तोंडाला लावून रडत होती, आणि रडता रडता पोळ्या लाटत होती. शेजारच्या बायकांनी सांगितलं, दोन दिवसांत अन्नाचा कण पोटात गेला नाही हिच्या. आत्या तिच्याजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि परातीवरचं फडकं जरा उचलून बघितलं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "कणीक दोघांची हाय. अन् एकबी पोळी करपली न्हाई. ज्या बाईचा नवरा मेला तिचं ध्यान तव्यावर ऱ्हातंय का रे?"

मी म्हणालो, असेल सवयीनं मळली. आत्या म्हणाली, "थांब जरा."

थोड्या वेळानं ती बाई फडक्यात पोळ्या बांधून निघाली. कुठं म्हणून शेजारणीनं विचारलं, तर हत्तीला घालते म्हणाली. आत्या लगबगीनं तिच्या मागं गेली, फडक्याला नाक लावल्यासारखं केलं आणि मला म्हणाली, "हत्तीला पोळीबरोबर लसणाची चटणी कोण देतंय, बीए?"

हत्तीच्या पलीकडं रामकिसनच्याच कडब्याची गंज होती. आत्या गंजीसमोर उभी राहिली आणि घरात हाक मारावी तशी म्हणाली, "भाऊ, बाहर आव. रोटी थंडी होऊन राह्यली."

गंज हलली आणि खून झालेला माणूस बाहेर आला. केसांत कडबा, एका गालावर अजून पांढरा रंग. बायकोनं आत्याचे पाय धरले. आत्यानं आधी त्याला जेवायला बसवलं आणि मग विचारलं.

जोकराचं काम पडायचं. लोक त्याच्या पडण्यावर हसतात. पण ह्याची कंबर गेली होती, आता पडवत नव्हतं. गावी जाऊ द्या म्हणून मालकाला तो कितीदा म्हणाला. मालक म्हणायचा, तुझ्यावर लोक सगळ्यात जास्त हसतात, तुला कसा सोडू? मेलेल्या माणसाला कुणी शोधत नाही, असं ठरवून त्यानं सदरा सिंहाच्या मटणाच्या रक्तात बुडवला आणि रिकाम्या गाडीत टाकला. गाडी कुणाची, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. पोलिसांची वर्दळ सरली की तो रात्रीच्या गाडीनं जाणार होता, मागून बायकोही निघून येणार होती.

"तुझं गावी जायाचं मी बघते," आत्या म्हणाली. "पण तुझ्या पायी आमचं पोरगं आत बसलंय. आधी ठाण्यात चल."

ठाण्यात मी बी.ए. असल्याचं सांगितल्यावर हवालदारांनी मला खुर्ची दिली. बरोबर कोण, असं विचारलं. मी म्हणालो, मयत. हवालदारांनी मयताकडं बराच वेळ बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आता हे सगळं खोडावं लागंल."

मालक धावत आला आणि जोकराचा दंड धरून त्याला ओढायला लागला. तेव्हा आत्या मधे पडली. "शेठ, तुमीच लिख के दिया ना, ये आदमी मर गया? मंग मरे हुए आदमी को कामपर कैसा रखते?" मालकानं हवालदाराकडं बघितलं. हवालदार खोडत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मिशीत हसले. मालकानं दंड सोडला.

रामकिसन बाहेर आला, त्याला आत्यानं सगळ्यांदेखत झापलं. "बायकू हसली म्हणून माणूस मारायला निघतंय का? जन्मभर हसंल ती. सवय कर."

आम्ही जोकराला आणि त्याच्या बायकोला गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर गेलो. गाडी हलली, दोघं दिसेनाशी झाली. आत्या फलाटावरच्या बाकावर बसली. मी सहज विचारलं, आत्या, हे पिठाचं तू शिकलीस कुठं?

"सासरी," ती म्हणाली. रुळांकडं बघत तिनं सांगितलं. तिच्या वेळी कुणी चौकशीला गेलंच नव्हतं. घरात माणसं चार, आणि सासू पीठ घ्यायची पाच जणांचं. कुणाला म्हणून विचारलं, तर कुत्र्याला. एक दिवस ती त्या भाकरीच्या मागं मागं गेली. मळ्यातल्या गुरांच्या कोठ्यात नवऱ्याची पहिली बायको बसलेली होती.

"मंग?"

"मंग काय. तिनं अर्धी भाकर मला दिली. दोघींनी खाल्ली. सकाळी मी निघून आल्ते."

शोभाचं लग्न थाटात झालं. वर्षभरानं ती आणि रामकिसन आत्याला एक शेळी घेऊन आले. पांढरी, एक कान काळा. आत्या शेळीकडं बघतच राहिली. म्हणाली, "आता हिला हरवू कशी?" पुढं चौकशीला जाताना तिला शेळी दाराशी बांधून, तीच हरवली म्हणून सांगत फिरावं लागायचं.

मध्यंतरी एका दुपारी मी न कळवता तिच्याकडं गेलो. ती भाकरी करत होती. इतक्या वर्षांच्या संगतीनं माझीही नजर आधी परातीत गेली. पीठ दोघांचं होतं.

"कोण येणार हाय, आत्या?"

"कुणी न्हाई." तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग तव्याकडंच बघत म्हणाली, "रोजच घेते. एखादं माणूस आलं अन् परातीत बघितलं, तर एकटीचं पीठ दिसू नये."

मी हातपाय धुतले आणि तिच्यासमोर बसलो. घरून पोटभर जेवून निघालो होतो. आत्यानं ताट पुढं सरकवलं आणि माझ्या हाताशी नाक नेलं.

"जेवून आलास," ती म्हणाली. "हाताला कालवणाचा वास येऊन राह्यला."

"न्हाई आत्या. उपाशी हाय मी."

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग भाकरी ताटात टाकली आणि पुढं काही चौकशी केली नाही.