विठोबाच्या स्वेटराचे माप

आश्विन सरता सरता गुणवंतराव लेनगुरे यांनी एक लहानसा निर्णय घेतला. पत्नीच्या विणकामाला यापुढे विरोध करायचा नाही. त्याला फक्त योग्य वळण लावायचे. (नवऱ्याने वळण लावायला घेतलेली वस्तू संसारात पुढे कोणकोणत्या आकाराची होते, हे वाचकांना सांगायला नकोच.)

विरोधाला कारणे होती. वनविभागाच्या लाकूड डेपोतून लेखनिक म्हणून निवृत्त होऊन ते मूल गावी येऊन राहिले, तेव्हापासून त्यांचा दिवस विठ्ठलमंदिराच्या घंटेबरोबर उगवे आणि मावळे. सकाळी पूजा, दुपारी पोथी, सायंकाळी भजन. आणि या तिन्हींच्या मधल्या सांध्यांत आशाबाईंच्या हातचा चहा. भक्तिमार्ग असा सुरळीत चालला असताना चंद्रपूरच्या सूनबाईने, दिव्यानीने, सासूला मोबाईलवर विणकाम दाखवले आणि पाठोपाठ लोकरीचे एक भले मोठे पुडके धाडले. आशाबाईंनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली, कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यात जपलेल्या सुया बाहेर काढल्या, आणि त्या क्षणापासून लेनगुरे यांच्या घरात काळ घड्याळाऐवजी टाक्यांनी मोजला जाऊ लागला.

"अवो, चहा?" गुणवंतराव विचारीत.

"एवढी ओळ होऊ द्या."

ओळ होई. पण प्रत्येक ओळीच्या टोकाला परमेश्वराने दुसरी ओळ जोडून ठेवली आहे, हे सत्य गुणवंतरावांना उतारवयात उमगले.

"अवो, वांगे करपून राह्यले!"

"मंग उतरवा ना जी! मी टाके मोजून राह्यली. बोलू नका, चुकते."

आजवरच्या संसारात वांगे उतरवण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. ते फडके न घेताच चुलीवरच्या गंजाला, त्या तापलेल्या पातेल्याला, भिडले आणि त्या संध्याकाळी त्यांनी भजनात टाळ वाजवला तो दोन बोटांनी.

याहून मोठी शिक्षा लडीची होती. नव्या लोकरीची लडी दोन्ही हातांवर ताणून धरायची आणि आशाबाईंनी समोर बसून तिचा गुंडा करायचा. हात खाली करायचे नाहीत, वर करायचे नाहीत. पोथीचे पान उलटता येत नाही, नाकावरची माशी हाकलता येत नाही, मोबाईल वाजला तर त्याच्याकडे नुसते करुणेने पाहायचे. आयुष्यभर देवापुढे हात जोडलेला माणूस लोकरीपुढे हात पसरून बसे.

तरीही त्यांना मनापासून रागावता येत नसे. सुयांचा तो बारीक टकटक आवाज कानी पडला की आलापल्लीच्या डेपोचे क्वार्टर डोळ्यांपुढे उभे राही. नव्या सागाचा वास, हिवाळ्यातले कोवळे ऊन, उन्हाकडे पाठी करून बसलेल्या शेजारणी आणि त्यांच्यात सर्वांत लहान, नवी नवरी आशा. रेंजर साहेबांच्या बाईंकडून ती उलट-सुलट टाके शिकली आणि पहिला स्वेटर तिने नवऱ्यासाठी विणला. तपकिरी रंगाचा. त्याची एक बाही दुसरीपेक्षा चांगली चार बोटे लांब होती. गुणवंतराव ती दुमडून डेपोत जात. साहेब हसत, हमाल हसत. पण थंडी मात्र लागत नसे. पुढे तोच स्वेटर उसवून मुलाचा, हेमराजचा झाला. हेमराज वाढला तेव्हा त्याची टोपी झाली. आणि उरलेल्या लोकरीचे रेडिओला पांघरूण झाले. मग सासूबाईंचे अंथरुणाला खिळणे आले, हेमराजची शाळा आली, धानाच्या हंगामातले पाहुणे आले. सुया पेटीत गेल्या. पेटी बंद करताना आशाबाई एवढेच म्हणाल्या होत्या, "सगळ्याइले विणलं. एका इठोबाले घालाचं राहून गेलं."

ते वाक्य गुणवंतरावांना आता आठवले, आणि त्यातूनच त्यांचा तो निर्णय निघाला.

"आशा," ते गंभीरपणे म्हणाले, "हे टीव्हीवरचे रुमाल अन् फ्रीजच्या मुठीच्या टोप्या पुरे झाल्या. तू देवासाठी विण. कार्तिकी एकादशीच्या काकड्याले आपल्या हातचा स्वेटर विठोबाच्या अंगावर गेला पायजे."

आशाबाईंच्या सुया थांबल्या. (गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच.) त्यांचे डोळे भरून आले. "खरंच म्हणता का जी? पण स्वेटर कायले? शाल विणते ना."

"शाल सत्काराले देतेत. मले निवृत्तीच्या दिवशी दोन भेटल्या. देवाले का निवृत्त कराचं हाय?"

"पण देवाचे हात..."

"देवाचे हातपाय माझ्यावर सोड. माप मी आणतो. जलमभर मापंच घेतली मी!"

हे मात्र खरे होते. सागाचा लठ्ठा, म्हणजे ओंडका, समोर आला की लांबी आणि मधली गोलाई या दोन मापांत त्याचे सारे चरित्र सांगणारा लेखनिक म्हणून डेपोत त्यांचा लौकिक होता. त्याच सायंकाळी त्यांनी भजनी मंडळात स्वेटर जाहीर केला, आणि दुसऱ्या सकाळी जुना टेप घेऊन ते देवळात पोहोचले. बरोबर लालसू आत्राम होता. लालसू डेपोतला त्यांचा जुना चौकीदार. नातीच्या शाळेसाठी तोही मूललाच राहायला आला होता. त्याचे देव जंगलात मोहाच्या झाडाखाली होते, त्यामुळे देवळात त्याला काम नव्हते; पण टेप निघालेला पाहून त्याचे पाय आपोआप गुणवंतरावांच्या मागे आले.

गाभाऱ्यात पुजारी बापूराव समई लावत होते. गुणवंतरावांनी साष्टांग नमस्कार घातला, चष्म्याचे घर सोयीसाठी रखुमाईच्या पायाशी ठेवले आणि टेप उघडला. देव पितांबर आणि जाड शेला लेवून उभे होते. अंगावरचे वस्त्र बाजूला करणे गुणवंतरावांच्या भक्तीला रुचेना; त्यांनी शेल्यावरूनच माप घेतले. दृष्टी नम्रतेने चरणांवर.

"लांबी किती जी, बाबू?" पायरीवरून लालसूने जुन्या सवयीने विचारले.

गुणवंतरावांनी सांगितली.

"अन् गोलाई?"

मधल्या गोलाईला दोन्ही बाजूंनी शेल्याखाली काहीतरी टणक लागले. पण लठ्ठ्याला गाठ असली तर टेप गाठीवरूनच घ्यायचा, हा डेपोचा नियम त्यांच्या बोटांत मुरला होता. टेप गाठींवरून गेला.

"देव अंगानं भरलेले हायेत," घरी येऊन ते समाधानाने म्हणाले.

आशाबाईंनी गोलाईचा आकडा ऐकला आणि क्षणभर नवऱ्याकडे पाहिले. "बाह्याही ठेवू म्हणता?"

"म्हंजे का! अन् लांब ठेव. भक्ताले पोटाशी धराले हात लांब लागते."

"अवो, पण मी का म्हणते, देवाचे हात..."

"आशा! हात माझ्यावर सोडले ना तू?"

"सोडले बापा," आशाबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिवळ्या लोकरीचे टाके घालायला घेतले.

त्यानंतरचे दिवस गुणवंतरावांच्या पुण्यसंचयाचे होते. देवाचे काम चालू असताना कर्तीला उठवणे पाप, हे त्यांनी स्वतःच ठरवले. चहा ते स्वतः करू लागले. प्रथम तो उतू गेला, मग नासला, मग चहा झाला. त्यांनी भाजी चिरली, भात लावला, अंगण झाडले. झाडताना अभंग गुणगुणले. आशाबाईंच्या हातात कप नेऊन देताना आपण देवाच्या सेवेकऱ्याची सेवा करीत आहोत, या विचाराने त्यांना भरून येई. शेजारणी कुंपणावरून पाहत आणि घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांकडे पाहत. लडी धरण्याचीही आता त्यांना कुरकुर वाटेना. मधूनमधून आशाबाई "अवो, ते हात..." असे काही सुरू करीत, तेव्हा ते डोळे मिटून मान हलवत आणि विषय तिथेच संपे.

कार्तिकी एकादशी उजाडली. काकड्याला देऊळ भरले होते. पहाटेच्या गारठ्यात श्वासाची वाफ दिसत होती आणि कोणाच्या तरी शेकोटीचा धूर दारातून आत येत होता. मंगलस्नान आटोपून बापूरावांनी देवाला पितांबर नेसवला; शेला अद्याप बाजूला होता. गुणवंतरावांनी तबकातला पिवळाधमक स्वेटर दोन्ही हातांनी उंच धरून सर्वांना दाखवला. बायकांच्या घोळक्यात आशाबाई एक कापडी पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांची राहून गेलेली गोष्ट आज पुरी व्हायची होती.

मुकुट उतरवला. स्वेटर मस्तकावरून घातला. तो कानांतल्या दगडी मत्स्यकुंडलांशी अडला. बापूरावांनी एकीकडून आणि गुणवंतरावांनी दुसरीकडून नामघोषात ओढला, तेव्हा एकदाचा गळ्यापाशी आला. मग गुणवंतरावांनी उजवी बाही हातात घेतली आणि तिच्यात घालण्यासाठी देवाचा हात शोधू लागले. खांद्यापासून खाली चाचपत गेले. कोपर लागले. कोपराच्या पुढे हात परत आत वळला होता.

"बापूराव," ते हलकेच म्हणाले, "हात कुठी गेले?"

"कमरेवर हायेत जी."

"कमरेवर?"

"हो जी. आजचे नाई. आधीपासूनच हायेत."

"थोडेसे..." गुणवंतरावांच्या तोंडून शब्द निसटून गेला, "थोडेसे काढता नाई येत?"

टाळ थांबले. मग मागे कोणीतरी फुसकन हसले आणि पाहता पाहता अवघा सभामंडप हसू लागला. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या त्या सावळ्या रूपाचे वर्णन ज्याने बालपणापासून रोज, तेही सर्वांपेक्षा वरच्या स्वरात, गायले होते, तो गृहस्थ देवाचे हात शोधीत होता. (गाताना त्यांचे डोळे मिटलेले असत, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे.) देवाच्या गळ्यात स्वेटर अडकला होता आणि दोन रिकाम्या बाह्या पुढे लोंबत होत्या. दारातून लालसू कळवळून म्हणाला, "लठ्ठ्याले हात नसते जी, बाबू. म्हणून ध्यानात नाई आलं आपल्या."

गुणवंतरावांना हसण्याचे काही वाटले नाही. त्यांनी वळून आशाबाईंकडे पाहिले. आयुष्यभराची एकच इच्छा तिने सांगितली होती. आणि ती आपण गोलाईत घालवली.

आशाबाई घोळक्यातून पुढे आल्या. "सरका जी थोडे," त्या म्हणाल्या. त्यांनी स्वेटर अलगद काढायला लावला, पिशवीत हात घातला आणि पिवळ्या लोकरीचे एक सुरेख उपरणे बाहेर काढले. काठाला तुळशीच्या पानांची नक्षी. मागोमाग कानटोपी. बापूरावांनी उपरणे देवाच्या खांद्यांवरून घेतले. ते कोपरांच्या वळणावरून असे उतरले, जणू त्या हातांसाठीच विणले होते. आणि ते तसेच विणलेले होते. सभामंडपात नामाचा गजर झाला. आशाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

गुणवंतरावांनी मात्र हळूच विचारले, "तुले माहीत होतं?"

"मीबी रोज दर्शन घेते ना जी. उघड्या डोळ्यानं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"किती डाव सांगाले आली! तुमी म्हटलं, हात माझ्यावर सोड. सोडले."

"अन् हा स्वेटर? उपरणं झालतं तर हा कायले विणत बसली?"

आशाबाई खाली पाहून हसल्या. आलापल्लीच्या उन्हातली नवी नवरी अशीच हसत असे. "उपरणं तं लवकरच झालतं. पण देवाचं काम चालू होतं तोवर चहा हातात येत होता. इतका गोड चहा मले कधी कोणी पाजला नाई जी."

एवढ्यावरही सारे गोड झाले असते. पण महिला मंडळाच्या रंजीताबाईंनी पुढे वाकून पाहिले आणि मोठ्याने विचारले, "अन् आमच्या रखुमाईले का? तिले थंडी नाई वाजत? भाऊ, तिचं माप कुठी हाय?"

सर्वांच्या नजरा देवाच्या डावीकडे वळल्या. आई रखुमाई तशाच गारठ्यात उभ्या होत्या. गुणवंतरावांनी त्यांचे माप घेतले नव्हते. फक्त चष्म्याचे घर त्यांच्या पायाशी ठेवले होते, आणि बापूरावांनी ते आजवर तिथेच सांभाळले होते.

बायकांनी तिथल्या तिथे निकाल दिला. स्वेटर उसवायचा आणि पौर्णिमेच्या आत रखुमाईची शाल व्हायची. उसवलेली लोकर आखडते. ती गरम पाण्यातून काढून ताणून धरावी लागते, तेव्हा सरळ होते. ताणून धरणारा माणूस शोधण्याची गरज कोणाला भासली नाही.

तेव्हापासून पौर्णिमेपर्यंत मूलच्या विठ्ठलमंदिरात काकडा झाला की एक दृश्य दिसे. गाभाऱ्यासमोर गुणवंतराव दोन्ही हात पुढे पसरून बसलेले, हातांवर पिवळी ओली लडी. समोर आशाबाई गुंडा करीत. शेजारी लालसू, माशी आलीच तर हाकलण्यासाठी. हात गुंतलेले आणि भजन चाललेले नसल्यामुळे गुणवंतरावांना डोळे उघडे ठेवून देवाकडे पाहण्याखेरीज दुसरे काम नव्हते. देव उपरणे पांघरून प्रसन्नपणे उभे असत. शेजारी पत्नी, आणि देवांचे दोन्ही हात कमरेवर घट्ट.

युगानुयुगे ते हात तिथून का हललेले नाहीत, यावर गुणवंतरावांनी अनेक कीर्तने ऐकली होती. खरा अर्थ त्यांना या कार्तिकात लागला. पण तो टिपून ठेवायला हात मोकळा नव्हता.