पट्टीवरच्या दिवसांची हकीकत

प्रभूचे स्मरण करून आणि वाचणाऱ्यास आरोग्य चिंतून हकीकत लिहिली ऐसी जे, शके १९४५, शोभननाम संवत्सरी, फाल्गुन शुद्ध प्रतिपदेचा दिवस घाटमाथ्यावरील एका राज्यात इतर दिवसांसारखाच उगवला. राज्य तीन पॉलीहाउसांचे, प्रजा म्हणजे दोन हजार कुंड्यांतील ईस्टर लिली, आणि राजे शांतवनराव. शीतगृहात निजवलेले कंद मार्गशीर्षात लावावे आणि ईस्टरच्या रविवारी आसपासच्या चर्चांतून पांढरी फुले उभी करावी, ऐसे तीस वर्षे चालले. सण दर साली निराळ्या तारखेस येई, परंतु राजांची फुले एकदाही चुकली नाहीत. त्यांजपाशी एक लाकडी पट्टी होती. ती कळीशी धरली की कळीच्या लांबीवरून उमलावयास किती दिवस उरले, तो आकडा वाचता येई. त्या सकाळी राजांनी पट्टी धरिली आणि "वीस" म्हणाले, आणि सणासही वीसच दिवस होते. बायांची मुकादम हौसाबाई म्हणाली, "धनी, कळ्या तेवढ्या ऐकतात तुमचं. घरचं कोण ऐकतं?" सुटीस आलेली कन्या सलोमीबाई हसली, आणि राजांनी चहा मागितला, आणि चहा येण्याआधी कुंड्यांच्या ओळीतच खाली बसले, ते पुन्हा आपल्या पायांवर उभे राहिले नाहीत.

मग इस्पितळात मुक्काम पडला. इकडे राज्याची रीत ऐसी की, राजांच्या आज्ञेवाचून पॉलीहाउसचा पडदा हलवावयाचा नाही. आज्ञा देणारा खाटेवर, म्हणून पाच दिवस पडदे उघडेच राहिले आणि घाटावरचा गारठा आत नांदला. सहावे दिवशी सलोमीबाईंनी येऊन पट्टी धरिली, तो एकोणीस. सणास पंधरा.

राजांस वाचा होती, परंतु बारीक. विचारते जाहले, "सलू, किती?"

"पंधरा, बाबा."

"शाबास. मग पडदे उघडे ठेव, हीटर बंद. ऊब जास्त झाली तर कळ्या पिवळ्या पडून गळतील. आणि रडतेस कशाला? लिलीला खारं पाणी चालत नाही."

सलोमीबाईंनी होय म्हटले, आणि परत येऊन पडदे पाडविले आणि हीटर लावविले. हौसाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "धनी एक सांगतात, तुम्ही एक करता. राज्य कुणाचं म्हणायचं?"

"त्यांचंच."

"मग त्यांना खरं सांगा."

"तीस वर्षांत चुकलं नाही, हौसामावशी. ते आता त्यांना खाटेवर कसं सांगू?"

हौसाबाईने सलोमीबाईंच्या जोडीने हीटरचे डिझेल आपल्या हातांनी भरले. सलोमीबाई दर सकाळी एकेक कळी चाचपीत, पिवळी पडली की काय म्हणोन, आणि मग इस्पितळात जाऊन सणास जितके दिवस, तितका आकडा सांगत. एके दिवशी "बारा" म्हणाल्या. दुसरे दिवशी बाईंस थकवा फार, रात्रभर डोळ्यास डोळा लागला नव्हता, राजांनी विचारले आणि बाईंच्या तोंडून पुन्हा "बारा" गेले.

राजे तिजकडे पाहात राहिले. मग गालात हसले. "कालही बाराच होते, बाळा."

राजांनी तिचा हात हाती घेतला, तळवा उलटा करून पाहिला, बोटांस डिझेलचा वास येत होता, आणि पुढे काही विचारले नाही. त्याच दुपारी राजे प्रभूच्या घरी गेले.

ऊब लागू पडली. शे-दीडशे कळ्या गळाल्या, बाकीच्या शनिवारी तोंड उघडत्या जाहल्या, आणि टेम्पो भरून चर्चांकडे रवाना झाले. येणेप्रमाणे एकतिसावा ईस्टर साधला. कसा साधला, ते दोघी जाणत होत्या, आणि तिसरे जाणत होते की काय, हे लिहिणारास ठाऊक नाही. हौसाबाई टेम्पोबरोबर गेली, आणि सलोमीबाई पॉलीहाउसातील रिकाम्या ओळींमध्ये एकट्या उभ्या राहिल्या, आणि मोठ्याने बोलल्या, "बाबा, एकोणीस होते. मी पंधरा सांगितले. तुम्ही भ्याल म्हणून नाही, मीच भ्याले होते. एकदा पुन्हा विचारा ना."