आधी प्रमाण, मग चित्र

फेगडे सर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते काखेत लाकडी कंपास घेऊन. कंपास म्हणजे पोरांच्या दप्तरातला नव्हे. शाळेत फळ्यावर वर्तुळ काढायला असतो तो, हातभर लांब, एका पायाला रबराची बुची आणि दुसऱ्यात खडू खोचलेला. मी नुकताच बँकेतून येऊन चहाचा कप तोंडाला लावला होता. धुळ्याहून जळगावला बदली होऊन मला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे कॉलनीत कोण काय घेऊन हिंडतं याची काही कल्पना नव्हती. सरांनी आपलं नाव सांगितलं, शेजारच्याच गल्लीत राहतो म्हणाले, आणि आता जरा टीव्ही लावा म्हणाले.

त्या काळी संध्याकाळचे कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी पडद्यावर एक ठरावीक नक्षी दाखवत. मधे मोठं वर्तुळ, आत रंगांच्या पट्ट्या, भोवती चौकटी. आपण सगळे ती संपायची वाट बघत असू. सर मात्र खास त्या नक्षीसाठी आले होते. त्यांनी बुचीचा पाय काचेच्या मधोमध टेकवला, खडूचा पाय वर नेला, मग आडवा नेला, आणि डॉक्टरने पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तशा आवाजात माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुमचं वर्तुळ अंडाकृती आहे."

बायकोने पदर तोंडाला लावला. सरांना वाटलं, तिला धक्का बसला. त्यांनी तिला धीर दिला की काळजीचं कारण नाही, सुरुवात आहे, आणि खिशातून पेचकस काढला. टीव्हीच्या मागच्या झाकणाला एक बारीक भोक असतं, आणि त्यातून आतला स्क्रू फिरवला की चित्राची उंची कमीजास्त होते, हे मला त्या दिवशी कळलं. सर मागे बसले आणि मी समोर आरसा धरून उभा राहिलो, म्हणजे त्यांना मागून पडदा दिसावा. ते काम पुढे कायमचं माझ्याकडे आलं. कॉलनीत कुठेही वर्तुळ बिघडलं की सर पेचकस घेऊन पुढे आणि आमच्या बेसिनवरचा आरसा घेऊन मी मागे, अशी आमची वरात निघायची.

सर फैजपूरला शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. निवृत्त झाल्यावर जळगावात घर बांधलं. शाळा सुटली, पण डोळा काही निवृत्त झाला नाही. भाकरी ताटात पडली की आधी तिचा घेर बघायचे, मग तुकडा मोडायचे. गणपतीच्या दिवसांत मंडळाच्या पोरांना त्यांनी मूर्तीसमोरच सांगितलं होतं की देवाचा डावा हात उजव्यापेक्षा लांब आहे. आमच्या लग्नाचा फोटो बघून म्हणाले, "वहिनी ठीक आहेत. तुमचे पाय मात्र फोटोग्राफरने खाल्ले." दिवसातून कितीदा तरी त्यांच्या तोंडी एकच वाक्य यायचं, "आधी प्रमाण, मग चित्र." आणि कोणी म्हटलं की सर, थोडं लांबट दिसलं तर काय बिघडलं, तर म्हणायचे, "डोळ्याला सवय लागते. आज लांबट नट चालवून घ्याल, उद्या लांबट माणूस चालवून घ्याल." यातला धोका नेमका काय, ते मला कधीच कळलं नाही, पण सरांचा चेहरा बघून वाद घालावासा वाटत नसे.

वाद घालायचे ते कांतिलालशेठ. आमच्या समोरच राहायचे. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि घरी कॉलनीतला सगळ्यात मोठा टीव्ही. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा, आणि मोठ्या पडद्याचा सिनेमा असला की वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या. शेठजींच्या मते ही शुद्ध लबाडी होती. "काच पूरी घेतली ना आपण? मग चित्र आधं का?" असं ते विचारायचे. त्यांनी मेकॅनिक बोलावून चित्र ताणून घेतलं. पट्ट्या गेल्या, पण नायिका बांबूसारखी उंच झाली आणि घोडे उंटांएवढे दिसू लागले. शेठजी खुश होते. सरांची त्या रविवारी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी शेठ दुकानात गेल्यावर सर आणि मी जाऊन, शेठाणीला विचारून, पट्ट्या परत आणल्या. संध्याकाळी शेठजींनी मेकॅनिकला परत बोलावलं. हे पुष्कळ दिवस चाललं. त्यात मेकॅनिकचं तेवढं भलं झालं.

सरांना दुसरी धास्ती होती ती छापेची. एकच चित्र पडद्यावर फार वेळ थांबलं तर काचेवर त्याची छाप बसते आणि मग ती जन्मात जात नाही, असं ते सांगायचे. त्यामुळे कार्यक्रमात व्यत्यय येऊन दिलगिरीची पाटी लागली की सर ताडकन उठून पडदा काळा करायचे. मग पाटी गेली की नाही हे कळायला मार्ग नसायचा, आणि पाहुणे काळ्या पडद्यासमोर नुसते बसून असायचे. आम्ही हसायचो. पण शेठजींच्या मुलाने टीव्हीला जोडायचा चेंडूफळीचा खेळ आणला, आणि सुट्टीभर त्यातली पांढरी उभी रेघ पडद्यावर राहिली. सुट्टी संपली, खेळ माळ्यावर गेला, रेघ मात्र तशीच. बातम्या देणाऱ्या बाईंच्या कानाजवळ ती काठीसारखी उभी दिसायची. सर मुद्दाम बातम्यांच्या वेळी शेठजींकडे जाऊन बसले, एक शब्द बोलले नाहीत, चहा घेतला आणि परत आले. इतकं समाधानी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांच्या स्वतःच्या घरातला टीव्ही हेमंतने आणलेला. हेमंत हा एकुलता एक मुलगा. मस्कतला एका कंपनीत फिटर होता. मागच्या खेपेला सुट्टीवर आला तेव्हा टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन आला, जोडून दिला, आणि परत गेला. त्यानंतर त्याच्या सुट्टीचं काही ना काही कारणाने पुढे ढकलणंच चाललं होतं. सरांची बायको, तिला सगळी कॉलनी अक्का म्हणायची, त्या टीव्हीवर रोज ओलं फडकं फिरवायची आणि सर रोज तिच्यावर ओरडायचे की कोरडं घे.

एक दिवस मस्कतहून हेमंतची कॅसेट आली. भुसावळच्या कोणा रेल्वेवाल्याचा भाऊ तिकडे होता, तो सुट्टीवर येताना घेऊन आला. हेमंतच्या मित्राने त्याच्या खोलीत कॅमेऱ्याने घेतलेली होती. सरांनी शेजारपाजार जमवला. अक्काने लुगडं बदललं आणि अगदी पुढे, पडद्यापासून हातभर अंतरावर बसली. हेमंत आला. खाटेवर बसलेला, मागे भिंतीवर गोल घड्याळ. मी मजेत आहे म्हणाला, मेसचं जेवण चांगलं आहे म्हणाला, अक्काच्या हातचं भरीत आठवतं म्हणाला. सगळे हसले. अक्का हसली नाही.

"वाळेल दिसतो," ती म्हणाली. "माह्यं पोरगं वाळलं वं माय."

तो खरंच वाळला होता. गालाची हाडं वर आली होती. सर उठून पडद्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काही वाळला नाही. सेट ताणेल आहे." इतक्या दिवसांत मी त्यांच्या तोंडून घरची बोली पहिल्यांदाच ऐकली. त्यांनी कंपास आणला, हेमंतच्या मागच्या घड्याळावर टेकवला, वर नेला, आडवा नेला. मी शेजारीच होतो, मला दिसलं. घड्याळ गोल होतं. सरांनी कंपास मिटला, म्हणाले, दुरुस्त करावं लागेल, आता आपण थांबू. सगळ्यांनी चपला घातल्या.

त्यानंतर सर फिरायला निघेनात. त्यांच्या दारावरून जाताना अक्का भेटली की एकच विचारायची, भाऊ, तुमी जवळून पाहिलं ना, खरं सांगा. मला बँकेला उशीर झालेला असायचा. नसला तरी मी झालाय म्हणायचो.

मग एका रविवारी दुपारी अक्काच मला बोलवायला आली. चेहरा एकदम बदललेला. "चला भाऊ. तुमी तं व्हते त्या दिवशी. आता पाहा माह्या पोराले. टीव्हीच बिघडेल व्हता, यांनी नीट केला."

मी गेलो. सर खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कॅसेट लागली, आणि मला आधी दिसल्या त्या वर-खाली दोन जाडजूड काळ्या पट्ट्या. त्यांच्यामध्ये हेमंत बसला होता, गोबरा, रुंद खांद्यांचा, गालांची हाडं कुठल्या कुठे गेलेला. मागचं घड्याळ आडवं पसरलं होतं. खाट अशी चपटी की पाय आहेत की नाहीत ते कळू नये. आयुष्यभर ज्या माणसाने भाकरीचासुद्धा बेढबपणा खपवून घेतला नाही, त्याने आपल्या हाताने पोराचं चित्र दाबून बसवलं होतं.

"कसा भरेल दिसतो," अक्का म्हणाली. मी हो म्हणालो. तिने सरांना चित्र जरा थांबवायला सांगितलं. मला वाटलं, आता छापेवर व्याख्यान होणार. सर उठले आणि त्यांनी बटण दाबलं. थरथरत्या चित्रातल्या गोबऱ्या हेमंतकडे अक्का डोळे भरून बघत बसली, आणि सर तिच्याकडे. चित्राकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मग ती उठली, आता घशाखाली घास उतरेल म्हणाली, आणि माझ्यासाठी शिरा करायला आत गेली.

आत तूप तापल्याचा वास यायला लागल्यावर सरांनी कॅसेट पुन्हा चालू केली आणि आवाज बंद केला. पेचकस घेऊन ते टीव्हीच्या मागे गेले. या वेळी त्यांनी आरसा मागितला नाही. हळूहळू पट्ट्या मिटल्या, खाटेला पाय आले, घड्याळ गोल झालं, आणि हेमंत परत होता तसा झाला. सर पुढे येऊन बसले.

"तिला नको," ते हळू आवाजात म्हणाले. "पण घरात एकाने तरी खरं बघितलं पाहिजे."

आम्ही दोघं बघत राहिलो. हेमंत काहीतरी सांगत होता. बोलता बोलता त्याने केस मागे सारायला हात वर केला आणि मनगटावरचं घड्याळ घसरून पार कोपराकडे गेलं. सरांनी ते पाहिलं. मी पाहिलं हेही त्यांनी पाहिलं. मला फार वाईट वाटलं, आणि उठून जावंसं वाटलं, पण जाता येईना.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे वळले. कॉलनीतल्या कुठल्याही टीव्हीबद्दल या माणसाने आजवर कोणाचं मत विचारलं नव्हतं.

"भाऊ, तुम्ही बघा बरं एकदा," ते म्हणाले. "अजून जरा उभं ताणलेलं वाटतं का?"

मी डोळे बारीक केले, मान इकडून तिकडे केली, एकदा उठून चार पावलं मागे सरकूनही बघितलं. केसाएवढा फरक ज्यांना लांबून कळायचा, त्यांच्यासमोर मी म्हणालो, "हो सर. थोडं ताणलेलं आहे."

सरांनी मोठा श्वास सोडला. "मलाही तेच वाटत होतं," ते म्हणाले, आणि पेचकस घेऊन टीव्हीच्या मागे जाऊन बसले. अक्काने शिरा आणून ठेवला तरी ते बाहेर आले नाहीत.