तंबूचा सांधा

तंबू मोडला, यापेक्षा तो प्लॅस्टिकच्या सांध्यापाशी मोडला, याचाच दिगंबररावांना जास्त संताप आला. वर छप्पर पेलायचं आणि सांधा प्लॅस्टिकचा! जन्मभर कारखान्यात लोखंड तासलेल्या माणसाला निवृत्तीनंतर हेच बघायचं राहिलं होतं.

कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत ऐन वैशाखात आनंदमेळा होता आणि त्यांच्या पत्नीने, मंदाकिनीबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा पन्ह्याचा स्टॉल घेतला होता. मांडववाला छप्पर घालायला आलाही होता. पण मुलगा आमोद कंपनीच्या कामाला अमेरिकेला गेला होता, तेव्हा येताना हा घडीचा तंबू घेऊन आलेला. घरचा तंबू असताना भाड्याचं छप्पर कशाला, म्हणून दिगंबररावांनीच मांडववाल्याला वाटेला लावलं. आता तंबूचा एक कोपरा जमिनीला टेकला होता आणि पन्ह्याचं पातेलं भर उन्हात. पन्हं तापून वाया गेलं, तर पुढच्या वैशाखापर्यंत ऐकून घ्यावं लागणार होतं.

"बाबा, हा पार्ट ऑनलाइन मिळतो," आमोद म्हणाला.

"कुठे?"

"अमेरिकेत."

दिगंबरराव तरातरा घरी जाऊन मच्छरदाणीची काठी, तार आणि पक्कड घेऊन आले. काठी सांध्याला बांधतात न बांधतात तोच एक गृहस्थ थांबले आणि तार उलटी पिळताय म्हणाले. दुसऱ्यांनी सुतळी सुचवली. तिसऱ्यांना दोन्ही नापसंत. काठी आखूड पडली म्हणून खाली वीट ठेवली, तर छप्पर कललंय म्हणून ओरड. बघता बघता अर्धी सोसायटी उन्हात भोवती उभी, पण तंबूला हात लावील तर शपथ.

"आपण कुठल्या कारखान्यात होता?" दिगंबररावांनी शेवटी एकाला विचारलंच.

"मी बँकेत होतो."

"मग व्याजाचं सांगा. लोखंडाचं मी बघतो."

गृहस्थ बधले नाहीत. पन्ह्याने घसा ओला करून आले आणि पुन्हा सांगू लागले.

अखेर तंबू उभा राहिला. चारही कोपरे ताठ, खाली छान सावली. सांगण्यासारखं काही उरलं नाही, तशी मंडळी पांगली. कौतुकाचा एक शब्द कुणी काढला नाही. घामाघूम दिगंबरराव सावलीतल्या खुर्चीत टेकले.

"अगं, एक ग्लास दे."

मंदाकिनीबाईंनी पातेलं कलतं करून दाखवलं. तळाशी वेलदोड्याची दोन टरफलं होती.

"सगळं संपलं?"

"एवढ्या उन्हात एवढं बोलल्यावर तहान लागणारच ना माणसांना," त्या म्हणाल्या. "अहो, उद्याही मेळा आहे, दुप्पट पन्हं करते. ती काठी तेवढी आत्ताच सोडून ठेवा."