कारखानीसकाकांच्या शर्यतीचा निकाल

एका बाप-लेकाच्या भांडणाचा मी अचूक निकाल लावला. चूक एवढीच, पण तिची लाज अजून जात नाही.

बाप म्हणजे हॉलंडमधल्या उइटहॉर्न गावातले आमचे शेजारी, कारखानीसकाका. सत्तरच्या दशकात इथे आलेले, काकू गेल्यापासून एकटे. "हे धरायचं नाही" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हाउसआर्ट्सनं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरनं, रक्तदाब मोजला की, "सायकल मारत आलोय डॉक्टर, हे धरायचं नाही." चहा फुळकवणी झाला की, "दूध डच आहे, हा धरायचा नाही."

गॅरेजमध्ये त्यांची सत्तावन्न सालची शेव्हरोले. मागे माशासारखे पर, आत अख्खा दिवाणखाना. मुलगा मिहीर नायमेखनला चिप बनवणाऱ्या कंपनीत. त्याच्याकडे एकोणसत्तरची मस्टँग. दर सप्टेंबरात आर्नहेमजवळच्या एका बंद पडलेल्या धावपट्टीवर जुन्या गाड्यांचा मेळावा भरायचा आणि तिथे या दोघांची जुंपायची.

"बाबा, ॲडमिट इट. युअर्स इज अ सोफा."

"तुझी पळते रे. चोरसुद्धा पळतात. ही प्रस्थान करते."

मस्टँग दरवर्षी पुढे जाई आणि काका दरवर्षी काहीतरी काढत. वारा समोरून होता. इंजिन तापलं नव्हतं. एकदा धावपट्टीवर बदक होतं. "हे धरायचं नाही. पुढच्या वर्षी बघू." मग मिहीर भांडत भांडत काकांच्या घरापर्यंत येई, आमटी-भात खाई, आणि भांडतच परत जाई.

मी आयटीतला माणूस. इश्यू उघडा राहिलेला दिसला की माझे हात शिवशिवतात. एका वर्षी मी स्टॉपवॉच घेऊन गेलो. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या पळवायला लावल्या, वाऱ्याची दिशा नोंदवली, आणि सोमवारी ऑफिसातून दोघांना रंगीत आलेख पाठवला. मस्टँग सरस. इश्यू क्लोज्ड.

मिहीरनं लिहिलं, "फायनली. थँक्स, अंकल." काका कुंपणावरून म्हणाले, "छान काढलंय हो." मी ते कौतुक समजलो.

पुढच्या सप्टेंबरात काका गॅरेजमध्ये एकटेच गाडी पुसत होते. मी विचारलं, "मिहीर कधी येतोय?"

"कशाला येईल? कळलं ना आता त्याला."

मला कुठे तोंड लपवू असं झालं. "काका, त्याला सांगा ना, जोश्याचं गणित चुकलं म्हणून."

"तुमच्या आकड्यांवर त्याचा विश्वास आहे, जोशी." त्यांनी फडकं पिळलं. "माझ्यावर नव्हता, म्हणून यायचा."

घरी येऊन मी मिहीरला मेल लिहिला. आलेखात जे लिहायला लाजलो होतो ते त्यात सांगितलं. शेव्हरोलेची वेळ मी काकांच्या शेजारी बसून घेतली होती. मस्टँगमध्ये बसायची मात्र छाती झाली नाही, म्हणून तिची वेळ बाहेर उभं राहून घेतली. थोडक्यात, काकांच्या गाडीनं मलाही ओढलं होतं.

मिहीरला मराठी कळतं, पण एरवी उत्तर इंग्रजीतच येतं. या वेळी लगेच, आणि मराठीत आलं: "किती किलो?"

मी जरा कमी करून आकडा कळवला.

"अंकल, मी तुम्हाला पाहिलंय. रविवारी मस्टँग घेऊन येतो. तुम्ही घरीच थांबा."